न वाटलेल्या भीतीचा दावा

कॉल्विन ट्रेलोरला भीती वाटली नाही, आणि इथूनच सगळं बिघडत गेलं.

रविवारची दुपार होती. हॉलचे पडदे घट्ट ओढून घेतले होते, कुत्र्याला मागच्या अंगणात सोडलं होतं, आणि सोफ्यावर डावीकडे कॉल्विन, उजवीकडे त्याची बायको लिनेट, मध्ये लॅमिंग्टन केकची बशी अशी सगळी शास्त्रोक्त मांडामांड झाली होती. 'खालचा मजला' या गेमच्या दुसऱ्या भागाची कॉल्विनने सहा वर्षं वाट पाहिली होती. माणूस एकोणसाठ वर्षांचा. टॅनर्स क्रीक गावच्या कौन्सिलमध्ये एकतीस वर्षं कुंपणांना परवानगी देणारा, म्हणजे बहुतेक वेळा नाकारणारा. अशा माणसाने भुताच्या व्हिडिओ गेमची वाट पाहावी हे शोभत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. म्हणून त्याने ही गोष्ट ऑफिसात कुणाला सांगितली नव्हती.

पहिला भाग होताच तसा. मॉड नावाची एक पहारेकरीण, बंद पडलेली एक भलीमोठी लाँड्री आणि मॉडच्या हातात किल्ली फिरवून लावायची एक बॅटरी, एवढंच भांडवल. किल्ली फिरवली नाही तर अंधार. फिरवली तर तिची करकर खालच्या मजल्यावर राहणाऱ्या ओल्या बाईला ऐकू जाणार. मग जिन्यावर पाण्याचे थेंब पडायला लागायचे. टप. टप. मॉडने कपाटात शिरायचं, श्वास धरायचा आणि थेंब दाराशी थांबतात की पुढे जातात ते ऐकायचं. आख्ख्या गेममध्ये ओली बाई फक्त तीनदा दिसायची, त्यातही दोनदा पाठमोरी. आणि थेंब दाराशी थांबले की लिनेटची बोटं कॉल्विनच्या दंडात रुतायची. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झालेल्या माणसाच्या दंडात बोटं रुतायचे प्रसंग फारसे येत नाहीत. कॉल्विन वरकरणी गंभीर राहायचा, 'मी आहे ना' असं पुटपुटायचा आणि मनातून फार सुखावायचा. तो पूर्ण हिवाळा त्यांनी रविवारी दुपारी असा काढला.

दुसऱ्या भागाचं नाव होतं 'खालचा मजला : प्रतिहल्ला'. त्या नावावरूनच शंका यायला हवी होती. खोक्यावर मात्र ठळक अक्षरांत छापलं होतं : 'आयुष्यात कधी घाबरला नसाल इतके घाबराल.'

चौथ्या मिनिटाला मॉडला बंदूक मिळाली. नवव्या मिनिटाला दुसरी, कारण पहिली एकाच हातात मावत होती. पंधराव्या मिनिटाला ती मोटरसायकलवरून लाँड्रीच्या काचा फोडून आत आली, आणि समोर ओली बाई नव्हती, ओल्या बाया होत्या. रांगेने. जत्रेतल्या नेमबाजीच्या दुकानात पत्र्याची बदकं सरकतात तशा त्या सरकत होत्या, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर किती दम उरलाय ते दाखवणारी हिरवी पट्टी होती. भुताच्या डोक्यावर पट्टी! कॉल्विनने आणखी अर्धा तास इमानाने वाट पाहिली. मग त्याला झोप लागली.

जागा झाला तेव्हा लॅमिंग्टन संपले होते, कंट्रोलर लिनेटच्या हातात होता आणि पडद्यावर हेलिकॉप्टर जळत होतं.

"तू पड अजून जरा," लिनेट नजर न हलवता म्हणाली. "मी छतावर पोचतेय."

तिचे दोन्ही हात कामात होते. दंड मोकळाच राहिला.

सोमवारी कॉल्विन गेम घेऊन दुकानात गेला. काउंटरवरच्या बाईंनी तबकडी उजेडात धरून पाहिली आणि ओरखडा कुठे आहे असं विचारलं. कॉल्विनने सांगितलं की ओरखडा नाही, भीती नाही. बाईंनी सौजन्याने पैसे परत देऊ केले. इथे कुणीही शहाणा माणूस पैसे घेऊन घरी आला असता. पण कॉल्विनने आयुष्यभर लोकांना त्यांच्या कुंपणाची उंची कागदावर जेवढी लिहिली आहे तेवढीच ठेवायला लावली होती. खोक्यावर एक लिहायचं आणि आत दुसरं भरायचं, आणि वर पैसे देऊन तोंड बंद करायचं, हे त्याला पटेना. त्याला पैसे नको होते. हा गेम भीतिदायक नाही असं कुणीतरी लेखी मान्य करायला हवं होतं.

बाईंनी तक्रारीचा फॉर्म दिला. त्यात चार पर्याय होते : तबकडी खराब आहे, तबकडी चालत नाही, चुकून दुसरीच घेतली, इतर. कॉल्विनने 'इतर'वर खूण केली आणि पुढच्या इवल्याशा ओळीत सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'भीती वाटली नाही.'

गेम विकणाऱ्या कंपनीकडून तीन आठवड्यांनी उत्तर आलं. त्यात त्याच्या अनुभवाबद्दल खेद होता, आणि गेम खेळून भीती, अस्वस्थता किंवा निद्रानाश होत असल्यास कुणाला फोन करावा त्याचा नंबर होता. कॉल्विनने पुन्हा लिहिलं. या वेळी कंपनीने सुचवलं की टीव्हीचा उजेड कमी करावा आणि गेमची पातळी वाढवून 'दुःस्वप्न' करावी. त्याने तेही करून पाहिलं. दुःस्वप्नात तो दर दोन मिनिटांनी मरू लागला, पण भीतीने नव्हे, गर्दीने. त्याने तिसरं पत्र लिहिलं. कंपनीने ओल्या बाईचं चित्र असलेला एक टी-शर्ट पाठवला. तो दहा वर्षांच्या मुलाच्या मापाचा होता.

हा टी-शर्ट दोरीवर वाळत घातलेला शेजारच्या कॉन पापाडाकिसने पाहिला, आणि प्रकरण कायद्याच्या हद्दीत गेलं.

कॉनने गावात तीस वर्षं मासे आणि चिप्सचं दुकान चालवलं होतं, आणि निवृत्तीनंतर वेळ जावा म्हणून तो दावे लावत असे. कुंपणावरून, बसच्या वेळापत्रकावरून, कानाच्या यंत्रावरून. कुंपणाच्या दाव्यात तर समोर कौन्सिलतर्फे कॉल्विनच उभा होता. त्या दिवसापासून दोघांची मैत्री घट्ट झाली होती. कॉनने सगळी हकिगत ऐकून घेतली. मग म्हणाला की हा ग्राहक न्यायाधिकरणाचा सरळ सरळ मामला आहे. फक्त पुरावा हवा.

"भीती वाटली हे सिद्ध करायला माणूस ओरडला तरी पुरतं," कॉन म्हणाला. "वाटली नाही हे सिद्ध करायचं म्हणजे, दोस्ता, शास्त्र लागतं."

शास्त्र म्हणून त्याने आपल्या हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेला पट्टा आणला. तीन दुपारी कॉल्विन छातीला पट्टा बांधून गेम खेळला आणि कॉन शेजारी बसून दर मिनिटाला नाडीचे ठोके वहीत उतरवत गेला. अडुसष्ट. सदुसष्ट. अडुसष्ट. राक्षसी ओली बाई छत फोडून खाली आली तेव्हा सहासष्ट. फक्त एकदाच आकडा एकशे चारवर गेला. पण चौकशीअंती असं निघालं की त्याच क्षणी कॉनने कॉफीचा कप पॉलिश केलेल्या टेबलावर बशीशिवाय तसाच ठेवला होता. ही नोंद गाळावी असं कॉनचं मत होतं. कॉल्विनने ती ठेवली, खाली कारण लिहून सही केली.

न्यायाधिकरणाने अर्ज दोनदा परत पाठवला. पहिल्यांदा 'झालेले नुकसान' हा रकाना रिकामा होता म्हणून, दुसऱ्यांदा त्यात 'विश्वास' असं लिहिलं होतं म्हणून. दुसऱ्या खेपेला अर्जावर 'अपूर्ण' असा लाल शिक्का होता. तसाच शिक्का कॉल्विनच्या टेबलाच्या खणात एकतीस वर्षं पडून होता. तो कागदावर असा समोरून कसा दिसतो हे त्याने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि संध्याकाळी तो नीट जेवला नाही.

गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. कॉल्विन गावच्या अग्निशमन दलात बावीस वर्षं स्वयंसेवक होता. मंगळवारच्या सरावाला मंडळींनी बंबाच्या आड लपून त्याला 'भो' करून पाहिलं. दलाची कॅप्टन जोस्लिन बील हिने गंभीरपणे सांगितलं की दचकल्याची नोंद दाव्याला मारक ठरणार असेल तर ती साक्ष द्यायला येणार नाही. कॉल्विनने हसण्यावारी नेलं, पण घरी येईपर्यंत त्याचे कान तापलेले होते.

त्याहून टोचणारी गोष्ट घरातच चालू होती. लिनेट जनावरांच्या दवाखान्यात स्वागतकक्षात बसायची. शांत, मोजकं बोलणारी बाई. तिने 'प्रतिहल्ला' एकदा संपवला, मग दुसऱ्यांदा लावला. कॉन पुराव्यासाठी येई आणि तिचा खेळ बघत बसे. मग कॉनची बायको यायला लागली. औषधाच्या दुकानात लिनेटचं अभिनंदन झालं. ज्या गेममध्ये काही दम नाही असं कॉल्विन शासनाला लेखी कळवत होता, तोच गेम त्याच्या हॉलमध्ये त्याचीच बायको टाळ्या घेत खेळत होती. तो स्वयंपाकघरात बसून मुद्द्यांना अनुक्रमांक घालत राहिला.

सुनावणी ऑगस्टमध्ये जिल्ह्याच्या ठिकाणी, सकाळी दहाला होती. न्यायाधिकरणाच्या सदस्य होत्या रत्नायके बाई. बारीक चणीच्या, चष्मा नाकाच्या टोकावर. कंपनीची वकील सिडनीहून स्क्रीनवर हजर होती. तिने आधी नाडीची वही मागितली आणि एकशे चारवर बोट ठेवलं. कॉल्विनने कपाची हकिगत सांगितली. टेबल कुठल्या लाकडाचं आहे असं रत्नायके बाईंनी विचारलं. ब्लॅकवुडचं, म्हणजे चांगलं महागातलं, असं कळल्यावर त्यांनी मान हलवली आणि तो मुद्दा निकालात काढला.

मग त्यांनी दोन्ही भाग प्रत्यक्ष पाहायचं ठरवलं. गेम प्रौढांसाठी असल्यामुळे दाराबाहेर तशी पाटी लावणं भाग होतं. पाटी शोधण्यात वीस मिनिटं गेली. शेवटी 'फरशी ओली आहे' ही पिवळी पाटी मिळाली, तिच्यावर कागद चिकटवला गेला. खोलीतले दिवे मालवावेत अशी कॉल्विनने विनंती केली. पण ते दिवे माणसांच्या हालचालीवर चालत, आणि त्यांना बटणच नव्हतं.

त्या झगझगीत पांढऱ्या उजेडात पहिला भाग सुरू झाला. मॉडने किल्ली फिरवली. जिन्यावर थेंब पडू लागले. मॉड कपाटात शिरली. थेंब जवळ आले, दाराशी आले, थांबले. सिडनीची वकीलसुद्धा स्क्रीनवर पुढे झुकली होती. कुणी पेन हलवलं नाही, कुणी खोकलं नाही, आणि खोलीतले दिवे आपोआप गेले.

शिपायाने हात वर करून हलवला तेव्हा ते परत लागले. रत्नायके बाईंनी पाण्याचा ग्लास उचलला आणि नोंद घेतली.

दुसरा भाग चाळीस मिनिटं चालला. शिपाई घड्याळ बघत होता, वकील कागद चाळत होती, कॉन पिशवीत सँडविच शोधत होता. दिवे एकदाही गेले नाहीत. कॉनने कॉल्विनचा गुडघा दाबला. आता फक्त शेवटचा साक्षीदार उरला होता, आणि तो तर घरचाच होता.

लिनेटने शपथ घेतली आणि पर्स मांडीवर ठेवून बसली. दुसऱ्या भागाची तुम्हाला भीती वाटली का, असं रत्नायके बाईंनी विचारलं.

"नाही. अजिबात नाही."

कॉल्विनने आपल्या यादीतल्या सतराव्या मुद्द्यापुढे खूण केली.

"म्हणजे तुमचीही निराशा झाली."

"नाही," लिनेट म्हणाली. "मला बरं वाटलं."

कॉल्विनने वर पाहिलं. रत्नायके बाईंनीही पाहिलं, आणि जरा उलगडून सांगा म्हणाल्या. शपथ घेतली नसती तर लिनेट बहुधा बोललीच नसती.

"पहिला भाग मला सोसवायचा नाही. रविवार उजाडूच नये असं वाटायचं. पण कॉल्विन इतका खूश असायचा, की मोडवत नव्हतं. कपाटात बसायचं, हातात काही नाही, आणि बाहेर कोण आलंय ते नुसतं ऐकायचं. ते मी एकदा केलंय, मॅडम. आठ वर्षांपूर्वी जानेवारीत आमच्या डोंगराला आग लागली, तेव्हा कॉल्विन बंबावर होता. दोन दिवस त्याचा पत्ता नव्हता. मी कोठीत बसून होते, कारण फोनला रेंज तिथेच येते. रस्त्यावर गाडी थांबली की दार उघडल्याचं ऐकायचं, मग बूट ऐकायचे. हे बूट त्याचे आहेत, की मला सांगायला आलेल्या माणसाचे." तिने पर्सचा बंद सरळ केला. "दुसऱ्या भागात निदान हातात काहीतरी दिलंय."

कुणी हललं नाही. दिवे गेले. या वेळी शिपायाने हात वर केला नाही; बऱ्याच वेळाने रत्नायके बाईंनीच चष्मा काढला आणि खोली उजळली.

निकाल त्याच दुपारी लागला, आणि तो कॉल्विनच्या बाजूने लागला. सदर गेम 'सर्वसाधारण मनुष्यास घाबरवण्यास असमर्थ' असल्याचं न्यायाधिकरणाने लेखी मान्य केलं, कंपनीने खोक्यावरचं ते वाक्य काढावं असा आदेश दिला, आणि अर्जदाराच्या साक्षीदाराचे स्वतंत्रपणे आभार मानले. कॉनने कॉल्विनला मिठी मारली आणि आदेशाला चौकट करायला हवी असं जाहीर करून तो बस पकडायला गेला. कॉल्विनने कागदाची घडी घातली. सात महिने ज्या वाक्यासाठी तो झटला होता ते वाक्य खिशात होतं, आणि त्याला ते पुन्हा वाचावंसं वाटत नव्हतं.

परतताना गाडी कॉल्विन चालवत होता. त्या आगीची गोष्ट कॉल्विनने क्लबात, ऑफिसात, लग्नांत मिळून पन्नासदा तरी सांगितली असेल. पुलावर अडकलेला बंब, वितळलेला वायरलेस, पाण्याच्या टाकीत बसून काढलेले तीन तास. लोक हसायचे, असा तो रंगवून सांगे. तिथे त्याला स्वतःला भीती वाटली नव्हती हे खरंच होतं; हातात नळी होती, समोर काम होतं. लिनेट त्या गोष्टीत एकदाच येई, अगदी शेवटी : हा मरणाच्या दारातून घरी येतो, आणि बायको म्हणते काय, तर बूट बाहेर काढ. इथे सगळ्यात मोठा हशा पिके.

गाव जवळ आलं तेव्हा त्याने विचारलं, "तेव्हा बूट बाहेर काढ असं का म्हणालीस?"

"दुसरं काही तोंडातून निघेना," लिनेट म्हणाली.

मग तिने सांगायला सुरुवात केली. कोठीतलं स्टूल, रेडिओवर गावांची नावं येत होती ती, कुत्र्याला गाडीत बसवून पुन्हा उतरवलं ते, पहाटे एक गाडी खरंच दाराशी थांबली आणि पत्ता विचारून गेली ते. घर आलं तरी तिचं संपलं नव्हतं. कॉल्विनने इंजिन बंद केलं आणि दोघं अंगणात गाडीतच बसून राहिली. कुत्रा बाहेरून काचेला नाक लावून दमला आणि निघून गेला. कॉल्विनने मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही, आणि त्याला ओळखणाऱ्यांना ही गोष्ट निकालापेक्षा मोठी वाटेल.

पुढच्या मंगळवारी तो अग्निशमन दलाच्या शेडमध्ये एक कागद घेऊन गेला. बंब बाहेर असेल तेव्हा दर तीन तासांनी प्रत्येकाच्या घरी फोन जावा, असा नियम करावा, असं त्यात लिहिलं होतं. जोस्लिन म्हणाली, कल्पना चांगली आहे, पण वरच्या कार्यालयाची परवानगी लागेल. कॉल्विनने अर्ज केला. तो परत आला. त्याने पुन्हा केला. फोन करणारा माणूस दलाचा सदस्य असावा लागतो असं कळल्यावर त्याने बाहत्तर वर्षांच्या कॉन पापाडाकिसला रीतसर दलात भरती करवलं, आणि कॉनच्या हृदयाच्या डॉक्टरांचं पत्र जोडलं. नोव्हेंबरात परवानगी आली. फोनवर काय बोलायचं याचा फॉर्म कॉल्विनने स्वतः आखला होता.

फेब्रुवारीत एका गुरुवारी रेल्वेलाइनच्या कडेला गवत पेटलं. वारा होता. बंब बाराला गेला. दुपारी तीन वाजता ट्रेलोरांच्या घरचा फोन वाजला आणि लिनेटने पहिल्याच घंटेला उचलला.

"लिनेट, मी कॉन. दलातर्फे बोलतोय, अधिकृत आहे हे." त्याने घसा खाकरला आणि फॉर्म वाचायला लागला. कॉल्विन ट्रेलोर रेल्वेच्या पुलाजवळ उभा आहे, तीन वाजता पाहिला आहे, तोंड काळं झालं आहे, बाकी ठीक आहे. पुढचा फोन सहाला येईल.

"बरं," लिनेट म्हणाली.

"थांब, खाली एक रकाना आहे. घरच्यांचा निरोप. तो रिकामा ठेवला तर अपूर्ण धरतात."

खिडकीतून टेकडीमागचा धूर दिसत होता, पांढरा, विरळ.

"लिही," ती म्हणाली. "मला भीती वाटत होती."

पलीकडे पेनाचा आवाज आला, आणि मग थांबला.

"होती, की आहे?" कॉनने विचारलं. "नीट लिहावं लागतं."

"होती," लिनेट म्हणाली.

कॉनने तसं लिहिलं, आणि वायरलेसवरून, शब्द न् शब्द, पुलाकडे कळवलं.